बीपी जास्त की कमी? किडनीच्या आजारात सुटणारा रक्तदाबाचा तोल

किडनीच्या जुनाट आजारात एक तक्रार हमखास ऐकू येते. बीपी वाढलेलं म्हणून दोन-तीन गोळ्या चालू असतात, तरी अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. डायलिसिसवर असलेल्यांचं तर आणखी चमत्कारिक. मशीनला लावताना वरचा आकडा 170, तीन तासांनी 85, आणि रात्री झोपताना पुन्हा 160. घरचे गोंधळून विचारतात, 'याला नक्की काय आहे, हाय बीपी की लो बीपी?' खरं उत्तर 'दोन्ही' असं आहे, आणि त्यामागे एकच बिघाड असू शकतो.

तो समजायचा तर आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. दिवसभराचा सरासरी रक्तदाब किती, ही एक. आणि तो त्या सरासरीच्या आसपास किती घट्ट टिकून राहतो, ही दुसरी. आपण पहिलीच मोजतो आणि तीच फाइलमध्ये लिहून ठेवतो. दुसऱ्या गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

या दोन गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत, हे 1973 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात काउली, लियार्ड आणि गायटन या संशोधकांनी दाखवलं. रक्तदाबाची खबर मेंदूला देणाऱ्या नसा त्यांनी कुत्र्यांमध्ये कापून टाकल्या आणि चोवीस तास रक्तदाब नोंदत राहिले. अपेक्षा अशी, की रक्तदाब प्रचंड वाढून तसाच राहील. प्रत्यक्षात सरासरी थोडीशीच वाढली. मात्र चढउतार जवळपास दुपटीने वाढले. प्राणी उठला, हलला, खायला लागला, की आकडा वर किंवा खाली उसळायचा. म्हणजे या नसांचं मुख्य काम सरासरी ठरवण्याचं नाही, तिला धरून ठेवण्याचं आहे. सरासरी ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा मीठ-पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या किडनीचा असतो. किडनीच्या आजारात मात्र हा हिशेब चुकतोच, आणि हळूहळू धरून ठेवणारी यंत्रणाही ढिली पडते.

उभं राहण्यात काय एवढं अवघड आहे?

आडवा माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं की पुढच्या ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही कमी होतं. काहीच हालचाल झाली नाही, तर मेंदूला रक्त अपुरं पडून माणूस कोसळेल. तसं होत नाही, कारण शरीरात बॅरोरिफ्लेक्स नावाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. विचार न करता, आपोआप घडणारी.

तिची सुरुवात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत होते. मानेतली मोठी रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) जबड्याच्या कोनाजवळ दुभंगते, तिथे भिंत किंचित फुगीर असते. त्या भिंतीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत मज्जातंतूंची बारीक टोकं रुतलेली असतात. त्यांना दाब थेट कळत नाही, भिंत किती ताणली गेली एवढंच कळतं. हा तपशील लक्षात ठेवा, किडनीच्या आजारातली अर्धी गोष्ट याच्यावर उभी आहे.

दाब वाढला की भिंत ताणते आणि या टोकांमधून संदेशांचा भडिमार सुरू होतो. दाब घसरला की संदेश विरळ होतात. मेंदूपासून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी नवव्या आणि दहाव्या नसेतून ते मेंदूच्या अगदी खालच्या, पाठीच्या कण्याला जोडलेल्या भागात पोचतात. तिथून दोन वाटांनी हुकूम निघतो. पहिली वाट व्हेगस नसेची, हृदयाला लगाम घालणारी. ही विलक्षण चपळ असते. एका-दोन ठोक्यांत परिणाम दिसतो. उभं राहताच हा लगाम सैल होतो आणि नाडी वाढते. दुसरी वाट अनुकंपी मज्जासंस्थेची. ती रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाचा जोर वाढवते, पण तिला काही सेकंद लागतात. निरोगी माणसाला यातलं काहीच जाणवत नाही.

मानेवरच्या या जागेचं महत्त्व कळायलाही वेळ लागला. रक्तदाब वाढला की नाडी मंदावते, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मारे यांनी 1859 मध्येच नोंदवलं होतं. पण मानेत विशिष्ट ठिकाणी दाबल्यावर नाडी का पडते, याचा उलगडा 1920च्या दशकात हायन्रिश हेरिंग यांनी केला. (घरी करून बघण्याचा हा प्रयोग नव्हे. वय झालेल्या माणसाची नाडी यात काही क्षण थांबूही शकते.)

आणखी एक खोड या यंत्रणेला आहे. रक्तदाब बरेच दिवस चढा राहिला की ती त्यालाच 'नेहमीचा' मानू लागते आणि त्या नव्या पातळीचं रक्षण करते. जुना उच्च रक्तदाब असलेल्या माणसाचा आकडा झपाट्याने खाली आणला की तो कागदावर चांगला दिसतो आणि माणसाला मात्र गळून गेल्यासारखं वाटतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

किडनी बिघडल्यावर

सुरुवात भिंतीपासून. किडनी फॉस्फरस नीट बाहेर टाकू शकली नाही की तो रक्तात साचतो, कॅल्शियमचं गणित बिघडतं आणि मोठ्या रोहिण्यांच्या भिंतीच्या मधल्या थरात चुन्यासारखे क्षार बसू लागतात. हे क्षार नुसते साचत नाहीत. भिंतीतल्या स्नायूपेशी हाडं घडवणाऱ्या पेशींसारखं वागायला लागतात. भिंत जुन्या रबरी नळीसारखी ताठर होते. आत दाब वाढला तरी ती पुरेशी ताणत नाही, दाब घसरला तरी फारशी सैल होत नाही. मज्जातंतूंची टोकं शाबूत असूनही त्यांना कळवण्यासारखं काही उरत नाही. रोहिण्यांमध्ये क्षार जितके जास्त आणि भिंती जितक्या ताठर, तितका हा रिफ्लेक्स मंद, असं डायलिसिसच्या रुग्णांमध्ये आढळलंय.

मग नसा. साचलेली विषारी द्रव्यं लांब मज्जातंतूंना इजा करतात. व्हेगसही लांबच नस आहे. शिवाय किडनीच्या आजाराचं एक मोठं कारण मधुमेह, आणि मधुमेह स्वतःहूनच स्वायत्त, म्हणजे आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणारे मज्जातंतू खराब करतो. अशा रुग्णांत दोष किडनीचा किती आणि साखरेचा किती, हे वेगळं काढणं अवघड.

तिसरा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. किडनी आपल्याला हुकूम पाळणारा अवयव वाटते, पण तिच्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसाही आहेत. जखमी, रक्त अपुरं मिळणारी किडनी या नसांमधून सतत तक्रार करत राहते आणि मेंदू अनुकंपी संस्थेला जुंपून ठेवतो. 1992 साली कॉन्व्हर्स आणि सहकाऱ्यांनी पायाच्या नसेत अत्यंत बारीक सुई घालून तिथली अनुकंपी हालचाल, म्हणजे अनुकंपी नसांमधून जाणारे संदेश, थेट मोजली. डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये ती निरोगी लोकांच्या सुमारे अडीचपट होती. पण डायलिसिसवरच असलेल्या, मात्र दोन्ही निकामी किडन्या काढून टाकलेल्या रुग्णांमध्ये ती जवळपास सर्वसाधारण निघाली. रक्तातली घाण दोन्ही गटांत होती, फरक फक्त किडनीच्या असण्या-नसण्याचा. काम बंद केलेली किडनी गप्प मात्र बसत नाही, असा त्याचा अर्थ.

त्यात अँजिओटेन्सिन हे संप्रेरक भर घालतं. ते रक्तवाहिन्या आवळतंच, शिवाय मेंदूतल्या त्या खालच्या केंद्रात बॅरोरिफ्लेक्सला दडपतं. अनुकंपी संस्था अशी आधीच चढलेली असली की गरजेच्या वेळी तिला आणखी चढायला जागा कमी उरते. एकाच माणसात बसल्या जागी बीपी जास्त आणि उभं राहिल्यावर कमी, हे कोडं इथे बरंचसं सुटतं. शेवटच्या टोकाला हृदयही जाड आणि कडक झालेलं असतं, हुकूम आला तरी त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देता येत नाही.

हे मोजतात कसं?

1969 साली ऑक्सफर्डमध्ये एक पद्धत निघाली. शिरेतून औषध देऊन रक्तदाब थोडा वर ढकलायचा आणि त्याला उत्तर म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतर किती वाढतं ते बघायचं. दाब एक मिलिमीटर पाऱ्याने वाढल्यावर अंतर किती मिलिसेकंदांनी वाढलं, हा झाला संवेदनशीलतेचा आकडा. तरुण, निरोगी माणसात तो दहाच्या वर, अनेकदा पंधरा-वीसच्या घरात असतो आणि वयानुसार घसरतो. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवरच्या 1998 च्या एका मोठ्या अभ्यासात तो तीनच्या खाली असणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. किडनीच्या रुग्णांबाबत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी संवेदनशीलतेचा संबंध अचानक होणाऱ्या हृदयमृत्यूशी आढळला. त्यात नवल नाही. व्हेगसचा लगाम सुटलेला आणि अनुकंपी संस्था चढलेली, अशा हृदयात ठोक्यांची लय बिघडायला निमित्त लागत नाही.

आता औषध न देताही, बोटाला लावलेल्या पट्ट्यातून ठोक्यागणिक रक्तदाब नोंदवून हे गणित करता येतं. तरी ही तपासणी संशोधनापुरतीच राहिली आहे. तुमच्या डॉक्टरांनी ती सांगितली नाही म्हणून काही चुकलं असं समजू नका. शिवाय हा आकडा फक्त हृदयाकडे जाणारी वाट दाखवतो. रक्तवाहिन्या आवळणारी वाट वेगळी, आणि दोन्ही एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात बिघडतात असं नाही.

डायलिसिसच्या खुर्चीवर

या यंत्रणेची आठवड्यातून तीनदा परीक्षा घ्यायची असं कुणी ठरवलं असतं, तर त्याने हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळण्याची पद्धतच शोधली असती. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण रक्त साधारण पाच लिटर. चार तासांत मशीन त्यातून दोन-तीन लिटर पाणी काढतं. ते शक्य होतं कारण ऊतींमध्ये साचलेलं पाणी बाजूने रक्तात झिरपत राहतं. पण काढण्याचा वेग झिरपण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की रक्ताचं आकारमान घटतं, आणि मग सगळी भिस्त बॅरोरिफ्लेक्सवर. तो धड असला तर नाडी वाढते, वाहिन्या आवळतात आणि बीपी टिकतं. तो मंद असला तर पायात गोळे, जांभया, मळमळ, घाम, आणि बीपी पडतं.

काही रुग्णांत तर उलटंच घडतं. रक्त कमी होत असताना सुरुवातीला अनुकंपी संस्था जोरात काम करते आणि मग अचानक हात आखडता घेते. वाहिन्या सैल पडतात, नाडीही मंदावते. अशा वेळी बीपी हळूहळू घसरत नाही, धाडकन आपटतं. दहा मिनिटांपूर्वीचं रीडिंग चांगलं होतं, हा दिलासा इथे कामाचा नाही.

म्हणूनच दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं याला इतकं महत्त्व. पाणी काढण्याचा वेग दर किलो वजनामागे तासाला 13 मिलिलिटरच्या वर गेला की मृत्यूचा धोका जास्त दिसतो, असं निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत आढळलंय. 60 किलोच्या माणसासाठी हे तासाला 780 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत सुमारे तीन लिटर. चार लिटर वाढवून आलात, तर एक तर वेग वाढवायचा, नाहीतर वेळ. वेळ वाढवायला कुणालाच आवडत नाही, पण शरीराला तोच परवडतो. मुळात तहान मिठाने लागते, त्यामुळे मीठ न आवरता नुसतं 'पाणी कमी प्या' म्हणणं रुग्णावर अन्याय आहे.

मशीनमधल्या द्रवाचं तापमान अर्ध्या-एका अंशाने कमी ठेवलं की त्वचेतल्या वाहिन्या सैल पडत नाहीत आणि बीपी पडण्याचं प्रमाण घटतं, असं लहान अभ्यासांत दिसलं होतं. मात्र कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये 84 केंद्रांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (निकाल 2022) सरसकट सगळ्यांसाठी थंड द्रव वापरून हृदयविकाराचे मृत्यू किंवा त्यासाठी रुग्णालयात भरती होणं कमी झालं नाही. थंडी वाजण्याच्या तक्रारी मात्र वाढल्या. वारंवार बीपी पडणाऱ्या एखाद्या रुग्णासाठी हा उपाय करून बघण्यासारखा आहे, सगळ्यांसाठी नियम करण्यासारखा नाही. अशा रुग्णांनी डायलिसिस चालू असताना भरपेट जेवणंही टाळलेलं बरं, कारण जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं.

घरच्या मशीनवर काय कळू शकतं

बॅरोरिफ्लेक्स घरी मोजता येत नाही, पण त्याची सावली दिसते. पाच मिनिटं शांत आडवं पडून बीपी आणि नाडी मोजा. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी हवं, आणि फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेला रोहिणी-शिरेचा जोड) असलेल्या हातावर पट्टा बांधायचा नाही. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, चक्कर आली नसली तरी.

बहुतेक जण नाडीचा आकडा लिहीतच नाहीत, आणि खरी गंमत त्यातच आहे. समजा वरचा आकडा 30 ने उतरला आणि नाडी 25 ने वाढली. रिफ्लेक्सने धावपळ केली, पण भांडवलच कमी होतं. पाणी जास्त काढलं गेलंय किंवा एखादं औषध जड होतंय. आता समजा तेवढ्याच घसरणीला नाडी फक्त 8 ने वाढली. मग संशय मज्जातंतूंवर. नाडीतली वाढ भागिले वरच्या आकड्यातली घट, हे उत्तर 0.5 पेक्षा कमी आलं तर दोष नसांच्या यंत्रणेत असण्याची शक्यता जास्त, असा ढोबळ निकष आहे. नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल, तर हा हिशेब लागू पडत नाही.

औषधांची यादी दाखवताना किडनीच्या डॉक्टरांना बाकीच्या डॉक्टरांच्या गोळ्याही दाखवा. प्रोस्टेटसाठी दिलेल्या अल्फा-ब्लॉकर गोळ्या, छातीत दुखण्यावरची नायट्रेटं, नैराश्यावरची काही औषधं उभं राहिल्यावरचं बीपी पाडतात. आपल्या मनाने मात्र एकही गोळी थांबवू नका. डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या रुग्णांत वरचा आकडा 120 च्या खाली आणावा, अशी 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची शिफारस आहे, पण तो आकडा बसून, नीट विश्रांतीनंतर मोजलेला असतो. उभं राहिल्यावर 90 होत असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतील, मात्र त्यांना ते कळायला हवं. उठताना आधी काठावर बसणं, पोटऱ्या आवळणं, पाय एकमेकांवर दाबणं हे उपाय साधे वाटतात, पण पायांत उतरलेलं रक्त त्यांनी खरोखरच वर ढकललं जातं.

सुधारणा होते का?

काही अंशी होते. बीपीच्या सगळ्या गोळ्या या बाबतीत सारख्या नसतात. 1999 मध्ये लिग्टेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एनालाप्रिल या अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणाऱ्या गोळीने किडनीच्या रुग्णांतली चढलेली अनुकंपी हालचाल खाली आली. तुलनेसाठी दिलेल्या अ‍ॅम्लोडिपिन या वाहिन्या सैल करणाऱ्या गोळीने बीपी उतरलं, पण ही हालचाल उलट वाढली. अर्थात याचा अर्थ अ‍ॅम्लोडिपिन वाईट असा नाही. अनेकांना दोन्ही लागतात. किडनीकडच्या नसा कॅथेटरने जाळण्याच्या उपचाराला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली, ती आटोक्यात न येणाऱ्या उच्च रक्तदाबासाठी. पण मुख्य चाचण्यांत किडनी फार बिघडलेले रुग्ण घेतलेले नव्हते, त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णांनी त्यावर आशा ठेवावी असं सांगायचं धाडस मी करणार नाही.

रात्रभर, संथ गतीने आणि जास्त वेळा डायलिसिस केलेल्या रुग्णांमध्ये रिफ्लेक्सची संवेदनशीलता वाढल्याचं आणि रोहिण्यांची लवचिकताही काहीशी सुधारल्याचं कॅनडातल्या संशोधकांनी नोंदवलं आहे. म्हणजे बिघाडाचा काही भाग कायमचा नसतो. भिंतीत बसलेले क्षार मात्र सहज निघत नाहीत, म्हणून फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या जेवणासोबत घेण्याचा कंटाळा करणं महागात पडतं. त्यांचा परिणाम आज जाणवत नाही, काही वर्षांनी जाणवतो.

किडनी प्रत्यारोपणानंतर अनेकांमध्ये बॅरोरिफ्लेक्स काही महिन्यांत सावरतो. पण प्रत्यारोपण करताना जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, त्या जागीच असतात. 2002 च्या एका अभ्यासात नवी किडनी उत्तम चालू असूनही अशा रुग्णांची अनुकंपी हालचाल चढलेलीच आढळली. ज्यांच्या दोन्ही जुन्या किडन्या काढल्या होत्या, त्यांच्यात ती निरोगी माणसांइतकीच होती. प्रत्यारोपण यशस्वी झालं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) उत्तम आहे, तरी बीपीच्या गोळ्या का सुटत नाहीत, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग त्या जुन्या किडन्यांमध्ये आहे.